धम्मक लाडू, नकल सँडविच आणि इंग्रजीतली मारझोड

'धम्मक लाडू हवा की चापटपोळी?' हा प्रश्न लहानपणी ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. इंग्रजी पोरांना याच धमकीत 'नकल सँडविच' मिळतं. नकल म्हणजे मूठ आवळल्यावर वर येणारे बोटांचे सांधे. ते समोरच्याच्या दोन ओठांच्या मध्ये नेऊन बसवले की झालं सँडविच तयार. मराठीत तर मार 'खाल्ला'च जातो, आणि देवळात न जाता 'प्रसाद'ही मिळतो.

इंग्रजी पुस्तकं वाचताना, मालिका बघताना किंवा क्रिकेटची कॉमेंटरी ऐकताना मारण्याची क्रियापदं डझनावारी कानावर पडतात. हिट, बीट, व्हॅक, वॉलप, थ्रॅश, क्लॉबर, बॅश, स्मॅक, स्लग, पमल, बेल्ट, सॉक, क्लाउट. शब्दकोश उघडावा तर बहुतेकांपुढे एकच अर्थ लिहिलेला: जोरात मारणे. चूक नाही, पण उपयोगही फारसा नाही. उद्या एखाद्या परदेशी माणसाला कुणी सांगितलं की हाणणे, बडवणे, चोपणे, बुकलणे, धोपटणे, सडकणे, कुटणे यांचा अर्थ 'मारणे', तर तो 'आजीने नातवाला बुकललं' असं वाक्य करून मोकळा होईल. आजी नातवाला धपाटा घालते, बुकलत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी चुकलेलं लगेच खटकतं. इंग्रजी शब्दांनाही असंच आपापलं वजन आहे आणि ते कळण्यासाठी प्रत्येक शब्द कुठून आला हे बघणं हा सगळ्यात करमणुकीचा मार्ग आहे.

पण आधी एक रोजच्या वापरातली अडचण.

मराठीत 'मारणे' हे क्रियापद आपण अक्षरशः राबवतो. हाक मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, डोळा मारतो, गप्पा मारतो. माणसाला 'मारलं' म्हटलं तर चापट मारली की जीव घेतला, हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून ठरतं. इंग्रजीत तीन क्रियापदांत ही वाटणी पक्की आहे. एक फटका दिला तर 'हिट', एकामागून एक दिले तर 'बीट', जीव गेला तर 'किल'. म्हणून शाळेतली आठवण सांगताना आपण सहज म्हणतो की सरांनी मला 'बीट' केलं, तेव्हा इंग्रज ऐकणाऱ्याला एक चापट दिसत नाही, फटक्यांवर फटके दिसतात. शिवाय 'बीट'चा दुसरा अर्थ हरवणे. 'माझ्या भावाने मला बीट केलं' हे वाक्य बुद्धिबळाच्या पटाबद्दलही असू शकतं आणि अंगणातल्या मारामारीबद्दलही. घोळ टाळायला इंग्रज माणूस त्याला एक शेपूट जोडतो: 'बीट अप'. आता शंका उरत नाही, समोरच्याला यथेच्छ बदडलेलं आहे.

हे 'अप' मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण तेच काम आपल्याकडे 'काढणे' करतं. बदडलं आणि बदडून काढलं, झोडपलं आणि झोडपून काढलं, यांत जो फरक आहे तोच 'बीट' आणि 'बीट अप'मध्ये. काम अर्धवट सोडलेलं नाही, पुरतं केलं. 'ले इनटू', 'टेअर इनटू' यांतला 'इनटू' मात्र सुरुवातीवर जोर देतो, म्हणजे आपलं 'तुटून पडणे'.

खळं, मुदपाकखाना आणि चांभाराची कुंडी

'थ्रॅश' म्हणजे झोडपणे, आणि इथे भाषांतर जितकं चपखल बसतं तितकं फार थोड्या शब्दांत बसत असेल. हा शब्द मुळात 'थ्रेश'चाच दुसरा उच्चार. थ्रेश म्हणजे कापलेलं पीक बडवून दाणे वेगळे करणे. आपल्याकडे कोकणात भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर किंवा दगडावर आपटतात तिला झोडणी म्हणतात, आणि माणसाला झोडपतात तेही त्याच घराण्यातलं. इंग्लंडमध्ये हे काम 'फ्लेल' नावाच्या अवजाराने होई: एक लांब दांडा, त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने बांधलेला दुसरा आखूड दांडका. लांब दांडा डोक्यावरून फिरवला की आखूड दांडका भिरभिरत येऊन जमिनीवर पसरलेल्या पिकावर आदळतो. 'फ्लेल' हेही पुढे क्रियापद झालं आणि आज हातपाय वेडेवाकडे झाडणाऱ्या माणसाला ते लावतात. ज्याने ते अवजार पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाला पाहिलं असेल त्याला हा अर्थ कसा आला ते सांगावं लागणार नाही.

या झोडणीवर इंग्लंडच्या शेतमजुरांचा हिवाळा निघायचा. कोठारात महिनोन्‌महिने चालणारं ते काम होतं. मळणीची यंत्रं आली तसं ते हातचं जाऊ लागलं, आणि 1830 मध्ये केंट परगण्यात मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली. बघता बघता दक्षिण इंग्लंडभर हे लोण पसरलं. 'स्विंग दंगली' म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. थ्रॅश करणाऱ्या मजुरांनी थ्रेशिंग मशिनांनाच थ्रॅश केलं, असं म्हणायचा मोह होतो.

स्वयंपाकघराने इंग्रजीला दिलेले शब्द बरेच आहेत आणि बहुतेक ओळखीचे वाटतात. 'क्रीम' म्हणजे लोणी आणि साखर घोटून एकजीव करणे. अमेरिकन बोलीत एखाद्याला 'क्रीम' केलं म्हणजे त्याचा पार लगदा केला. 'मिन्समीट' करणे म्हणजे खिमा करणे. 'पाउंड' म्हणजे कुटणे. आपण कणीक तिंबतो, तीही पाटावरची आणि माणसाचीही. चांभाराच्या कुंडीतून आलेलं 'टॅन' वेगळं आहे. ओक झाडाच्या सालीच्या पाण्यात कातडं दिवसेंदिवस भिजवून कमावतात ते टॅनिंग, आणि 'तुझं हाइड टॅन करीन' म्हणजे तुझी चामडी लोळवीन. 'लेदर' हे नामही क्रियापद म्हणून याच अर्थाने चालतं.

आपल्याकडे मारामारीत धोबीघाटाचा वाटा मोठा आहे: धुलाई, धुणे, धोपटणे. इंग्रजीत 'क्लीन युअर क्लॉक' असा अमेरिकन वाक्प्रचार आहे. त्यातलं घड्याळ म्हणजे चेहरा, म्हणून 'क्लॉक' या क्रियापदाचा एक अर्थ तोंडावर ठोसा देणे असाही होतो. पण धोबीघाटाशी खरा संबंध सापडतो तो भलतीकडेच. जुन्या इंग्लंडमध्ये कपडे बडवायच्या लाकडी फळकुटाला 'बॅटलडोर' म्हणत. पुढे तशाच आकाराच्या फळीने पिसांचं फूल उडवायचा खेळ आला आणि त्याचंही नाव बॅटलडोर पडलं. एकोणिसाव्या शतकात, 1860 नंतरच्या वर्षांत, पुण्याच्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये त्या खेळाचा मध्ये जाळी बांधलेला प्रकार रुजला आणि तो 'पूना' या नावानेच ओळखला जायचा. सुट्टीवर घरी गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो विलायतेत नेला, ग्लुस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउस या सरदारी वाड्याचं नाव त्याला चिकटलं, आणि आज त्याच खेळातल्या सगळ्यात जोरकस फटक्याला आपण 'स्मॅश' म्हणतो. कपडे धुवायच्या धोपटण्यापासून स्मॅशपर्यंतचा प्रवास व्हाया पुणे झाला, हे पुण्याबाहेर कुणी फारसं सांगत नाही आणि पुण्यात कुणी सांगायचं थांबत नाही.

सफरचंद, घोडा आणि मोबाइलची बॅटरी

'पमल' म्हणजे दोन्ही मुठींनी धडाधड बुक्क्या मारणे. शब्द आला आहे तलवारीवरून. तलवारीच्या मुठीच्या अगदी शेवटी एक धातूचा गोळा असतो. हातातून तलवार निसटू नये आणि पात्याच्या वजनाला तोल मिळावा म्हणून. फ्रेंचांना तो गोळा छोट्या सफरचंदासारखा दिसला आणि त्यांनी त्याला तसंच नाव दिलं. शत्रू इतका अंगाला भिडला की पातं फिरवायला जागा नाही, तर तलवार उलटी करून त्या गोळ्यानेच टाळकं शेकायचं. तेच पमल करणं. आज तलवार गेली, मूठ राहिली. पण शब्दातली जवळीक टिकून आहे: लांबून दगड मारणाऱ्याला कुणी 'पमल' म्हणत नाही, आणि एकाच ठोशालाही नाही.

'वॉलप'ची कूळकथा त्याहून गमतीची. हा 'गॅलप'चा, म्हणजे घोड्याच्या चौखूर दौडीचा, सख्खा भाऊ. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांच्या तोंडी जिथे 'व' यायचा तिथे पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये 'ग' यायचा. इंग्रजांनी दोन्हीकडून उचल केली, म्हणून 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' अशा जोड्या त्यांच्याकडे आहेत. 'वॉलप'ही आधी दौडणेच होतं. मग खळाखळा उकळणं, मग धाडधाड करत अवजड चालणं, आणि एकोणिसाव्या शतकात सणसणीत रट्टा. याबद्दल एक दंतकथा सांगतात की आठव्या हेन्रीच्या पदरी असलेल्या सर जॉन वॉलप नावाच्या सेनानीने फ्रेंच किनाऱ्यावरची गावं जाळली, म्हणून शब्द पडला. गोष्ट झकास आहे, पण तो सेनानी सोळाव्या शतकातला आणि मारण्याचा अर्थ तीनशे वर्षांनंतरचा. मधल्या काळात शब्द कुठे दडून बसला होता? शब्दांच्या गोष्टी जितक्या आटोपशीर तितकं आधी साल तपासावं.

'बॅटर' हे लॅटिन क्रियापदाचं लेकरू, आणि त्या घराण्याचा पसारा अफाट आहे. बॅटल, कॉम्बॅट, बटालियन, इतकंच काय 'डिबेट'सुद्धा त्याच मुळातून आलं. डोशाचं जे तयार 'बॅटर' आता दुकानात पिशवीतून मिळतं तेही घोटून, फेटून केलेलं म्हणून बॅटर. भिंतींना खिंडार पाडणाऱ्या तोफांच्या रांगेला 'बॅटरी' म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एका रांगेत जोडल्या, त्या रांगेला त्याने तोफखान्याचं हे नाव दिलं, आणि आज आपण मोबाइलची बॅटरी उतरली म्हणून हळहळतो.

कायद्यातली 'बॅटरी' आणखी निराळी. इंग्लिश कायद्यात 'असॉल्ट' आणि 'बॅटरी' हे दोन गुन्हे आहेत. हात उगारून समोरच्याला 'आता बसणार' अशी भीती घातली की असॉल्ट. हात प्रत्यक्ष लागला की बॅटरी. मालिकांमध्ये वकील दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात, म्हणून ते जोडशब्द वाटतात. आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेने 'बॅटरी' घेतलीच नाही. तिने असॉल्ट ठेवला, बलप्रयोग वेगळा काढला आणि 'हर्ट', म्हणजे दुखापत, हा गुन्हा केला. साध्या मारहाणीचं कलम 323, ते अदखलपात्र, म्हणून पोलीस ठाण्यात नुसती 'एनसी', हे गावोगावच्या भांडखोरांना तोंडपाठ असायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो आकडा 115 झाला. पाठांतर नव्याने करावं लागलं असणार.

लढाईतून आलेले शब्द इतके आहेत की त्यांतले दोनच घेतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत 'गॉट श्ट्राफं इंग्लंड' अशी घोषणा होती: देव इंग्लंडला शिक्षा करो. खंदकांत चिखलात बसलेल्या इंग्रज सैनिकांनी त्यातलं 'शिक्षा करो' तेवढं उचललं आणि तोफांच्या भडिमारालाच ते 'स्ट्रेफ' म्हणू लागले. रोज सकाळी नेमाने होणाऱ्या गोळाबारीला 'मॉर्निंग हेट' हे नावही त्यांचंच. शत्रूच्या शापाची थट्टा म्हणून जन्मलेला हा शब्द आज विमानाने खाली झेप घेऊन मशिनगनचा मारा करण्यासाठी गंभीर लष्करी भाषेत वापरतात. दुसरा 'ब्लिट्झ'. जर्मन भाषेत वीज. 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर सलग 57 रात्री बाँब पडले आणि इंग्रजांनी त्या काळालाच हे नाव दिलं. ते हल्ले अजून चालू असताना, फेब्रुवारी 1941 मध्ये, रुसी करंजिया यांनी मुंबईत आपलं साप्ताहिक सुरू केलं आणि नाव ठेवलं 'ब्लिट्झ'. ज्यांच्यावर वीज पाडायची होती त्यांना ते नाव नीट कळलं असणार.

याच युद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या तोंडी 'क्लॉबर' आला. त्याचं मूळ कोशकारांनाही सापडलेलं नाही. ब्रिटनमध्ये 'क्लॉबर' म्हणजे कपडे, सामानसुमान असाही एक वेगळाच शब्द आहे, तेव्हा लंडनच्या कुणा मित्राने 'माझं क्लॉबर कुठे गेलं?' म्हटलं तर दचकू नये.

आवाजाचे शब्द

काही शब्दांना कूळ शोधायची गरजच नसते. व्हॅक, थ्वॅक, थंप, बँग, बॉप, बिफ हे कानाला ऐकू आले तसे लिहिले. 1966 मध्ये अमेरिकन टीव्हीवर आलेल्या बॅटमनच्या मालिकेत मारामारी सुरू झाली की पडदाभर रंगीत अक्षरांत 'पाव!', 'बिफ!' झळकायचं. तिथे क्रियापद, ध्वनी आणि चित्र यांत काही फरकच उरत नाही. मराठी या बाबतीत कुणाला हार जाणारी नाही. खाडकन, फाडकन, धाडकन, सटकन, काडकन: डोळे मिटून ऐकलं तरी हाताचा पंजा होता की मूठ, गालावर बसली की पाठीवर, ते समजतं.

खरी मौज पुढे आहे. बॅश, स्मॅश, क्रॅश, लॅश, स्लॅश, थ्रॅश, मॅश, क्लॅश. सगळ्यांच्या शेवटी 'ॲश' आणि सगळ्यांत आदळआपट. यांतल्या सगळ्यांचं मूळ एक नाही. 'थ्रॅश' तर खळ्यावरून आला हे वर पाहिलंच. तरी एका आवाजाभोवती एक अर्थ गोळा होत जातो, आणि नवा शब्द घडवणारा नकळत त्याच गोटात जाऊन बसतो. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये अशा ध्वनिगुच्छांना 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. फर्थ त्याआधी कित्येक वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. तिथल्या बाजारात त्यांनी मारामारीचे किती आवाज ऐकले असतील कोण जाणे.

मराठीतही असं काही आहे का, हे तपासायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. ठोसा, ठोकणे, झोडपणे, धोपटणे, धपाटा, फटका, थप्पड, थोबाडीत, ढुशी. हवेचा झोत सोडणारी अक्षरं बघा: ठ, झ, ध, फ, थ, ढ. आणि शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी ट किंवा ड: रपाटा, चापट, बडवणे, फटका, बदडणे. मारणाऱ्याच्या तोंडून दम सुटावा तसे शब्द. 'कुरवाळणे' हा शब्द जोरात ओरडून बघा, जमत नाही.

आता गंमत अशी की इंग्रजीतले जे सगळ्यात साधे, रोजचे शब्द आहेत ते मुळात मारकुटे नव्हतेच. 'हिट' हा व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, अर्थ: गाठ पडणे, सापडणे. 'स्ट्राइक' आणि हळुवार हात फिरवण्याचा 'स्ट्रोक' ही एका घरची माणसं. 'स्माइट' म्हणजे लेप लावणे, माखणे. स्ट्राइकचा दुसरा अर्थ संप, तो बंदरातून आला. 1768 मध्ये लंडनच्या गोदीतल्या खलाशांनी मागण्यांसाठी जहाजांची शिडं उतरवून ठेवली, आणि शिडं खाली घेण्याला दर्यावर्दी भाषेत 'स्ट्राइक' म्हणत. शिडं उतरली, जहाजं जागच्या जागी थांबली, शब्द मात्र जगभर गेला.

हाताला लागेल ते क्रियापद

इंग्रजीत कुठलंही नाम उचलून, त्याला काहीही न चिकटवता, क्रियापद म्हणून वापरता येतं. मारामारीत याचा पुरेपूर फायदा घेतलेला दिसतो. ज्याने मारलं तेच क्रियापद: केन, क्लब, बेल्ट, स्ट्रॅप, नाइफ. जिथे लागलं तेही क्रियापद: 'चिन' म्हणजे हनुवटीवर ठोसा देणे. खाली कुठे पडला, तर 'फ्लोअर' किंवा 'डेक'. ब्रिटनच्या पबमध्ये फुटका ग्लास तोंडावर मारणं इतकं ओळखीचं झालं की 'ग्लास' हेच क्रियापद बनलं. जुन्या ब्रिटिश शाळांत मास्तर पोराला 'स्लिपर' करत, म्हणजे सपाता काढून ढुंगणावर मारत. सरकारी शाळांतली ही शिक्षा तिथे 1987 साली कायद्याने बंद झाली, क्रियापद मात्र आठवणी सांगणाऱ्यांच्या तोंडी राहिलं. आपण लाथेवरून लाथाडणे आणि बुक्कीवरून बुकलणे केलं, पण 'काल त्याला चप्पललं' असं म्हणत नाही. म्हटलं तरी चालेल, कळेल सगळ्यांना.

गावागणिक शब्दही बदलतात. स्कॉटलंडची आजी 'स्केल्प' देते, यॉर्कशरमध्ये 'ब्रे' करतात, अमेरिकेच्या दक्षिणेत 'व्हिप'चा उच्चार 'व्हप' होऊन तो घरगुती माराचा शब्द झाला. मुंबईत सुपारी देतात आणि 'गेम करतात', तसं अमेरिकन माफियाच्या भाषेत 'व्हॅक' म्हणजे थेट खून. शेजारच्या इंग्रज बाईने डास 'व्हॅक' केला तर मात्र तो नुसता डासच.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत या शब्दांचं पीक सर्वांत दाट. कारण साधं आहे: मथळ्याला जागा कमी, आणि हे शब्द आखूड. कोर्ट महापालिकेला 'रॅप' करतं, विरोधी पक्ष सरकारला 'स्लॅम' करतो, नियामक दंड 'स्लॅप' करतो, अधिकाऱ्याला चौकशीत 'ग्रिल' करतात, आणि भारतीय इंग्रजीचा खास लाडका 'फ्ले', म्हणजे कातडं सोलणे. मराठी मथळे कमी नाहीत: चपराक, फटकारले, झापले, धारेवर धरले. प्रत्यक्षात कुणीतरी कुणाबद्दल नापसंतीची दोन वाक्यं बोललेलं असतं. सगळेच रोज सगळ्यांना स्लॅम करतात, त्यामुळे त्या शब्दाने आता कुणालाच लागत नाही, असं माझं तरी मत आहे.

क्रिकेटमध्ये उलट. तिथे हे शब्द अजून नेमके आहेत. 'स्लॉग' म्हणजे डोळे मिटून, ताकदीने, शैलीची पर्वा न करता मारलेला फटका. सरळ बॅटने मारलेल्या देखण्या षटकाराला जाणता समालोचक स्लॉग म्हणणार नाही. 19 सप्टेंबर 2007 ला डर्बनमध्ये युवराज सिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात सहा षटकार मारले, तेव्हा त्यांतले किती स्लॉग आणि किती निव्वळ टायमिंग, यावर तासभर वाद घालणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. बॅट या शब्दाचा मूळ अर्थ सोटा. 2021 मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबने नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' हा शब्द घेतला, त्यावर बरीच नाकं मुरडली गेली.

हसत हसत झाकलेलं

इथवर सगळं मजेचं वाटतं आणि तीच या शब्दांची खुबी आहे. मारण्याच्या बोली शब्दांचं एक मोठं काम मार हलका करणं हे असतं. खोडकर पोराच्या बाबतीत ते चालून जातं. पण 1969-70 च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये डोकं भादरलेली गोरी पोरं दक्षिण आशियाई माणसांना गाठून मारू लागली, तेव्हा त्या हल्ल्यांना 'बॅशिंग'च म्हटलं गेलं, पुढे 'पाकी' ही शिवी जोडून. माणूस भारतातला की बंगालमधला याच्याशी मारणाऱ्यांना देणंघेणं नव्हतं. वर्तमानपत्रांनीही तो शब्द जसाच्या तसा छापला, जणू शनिवारच्या फुटबॉलनंतरचा एखादा खेळ. 4 मे 1978 ला व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बंगाली कामगाराचा वांशिक हल्ल्यात खून झाला. ज्या बागेजवळ तो पडला तिला आज त्याचं नाव आहे.

अटलांटिकच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत 1987 मध्ये एका टोळीने स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतलं. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली, कुंकू. 'बस्ट' म्हणजे फोडणे. भारतीयांना शहरातून हाकलून लावू असं पत्र त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पाठवलं आणि ते छापून आलं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला पोरांच्या घोळक्याने बेदम मारलं, काही दिवसांत तो गेला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत त्या वर्षांबद्दल विचारलं तर घराबाहेर पडताना टिकली काढणाऱ्या बायकांच्या आठवणी अजून निघतात. टोळीचं नाव ऐकायला एखाद्या विनोदी सिनेमासारखं होतं, आणि ते मुद्दामच तसं होतं.

बिनबाह्यांच्या पांढऱ्या बनियनला अमेरिकेत सर्रास 'वाइफ बीटर' म्हणत आले. बायकोला मारणारा! दुकानात जाऊन लोक ते मागायचे. आता बरेच जण जाणूनबुजून दुसरे शब्द वापरतात.

शब्द ठरवून बदलल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. बेसावध माणसाला अचानक दिलेल्या एका जबर ठोशाला तिथे 'किंग हिट' म्हणायचे. राजा ठोसा! सिडनीच्या रात्रजीवनात असे ठोसे बसून, डोकं फुटपाथवर आपटून तरुण मुलं मेली. तेव्हा लोकांनीच मागणी केली की यात राजेपण कसलं, याला 'कावर्ड पंच', भ्याडाचा ठोसा, म्हणा. 2014 मध्ये न्यू साउथ वेल्सने दारूच्या नशेत अशा एका ठोशाने जीव घेणाऱ्याला किमान आठ वर्षं तुरुंगवासाचा कायदा केला, आणि तिथली वर्तमानपत्रंही हळूहळू नवा शब्द छापू लागली. जुना शब्द अजून मेलेला नाही, पण आता तो उच्चारणाऱ्याला टोकणारं कुणीतरी निघतं.

राहता राहिले खाचखळगे. 'हिट ऑन' म्हणजे मारणे नव्हे, लाइन मारणे. 'हिट इट ऑफ' म्हणजे पहिल्याच भेटीत सूर जुळणे. 'हिट मी अप' म्हणजे मला मेसेज कर. 'बँग' आणि तरुणांच्या तोंडचा 'स्मॅश' यांचे शय्यागृहातले अर्थ आहेत, तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये जपून. 'नॉक अप' म्हणजे जुन्या इंग्लंडमध्ये दार ठोठावून उठवणे आणि अमेरिकेत गरोदर करणे. सकाळी साडेसहाला उठवा असं हॉटेलात सांगताना देश कुठला ते आठवावं.

आणि नव्या पिढीकडे गेल्यावर मार लागतच नाही. गाणं आवडलं तर ते 'स्लॅप्स', किंवा 'हिट्स डिफरंट'. कुणी मंचावर कमाल केली तर 'स्लेड!'. हा 'स्ले' म्हणजे जुन्या इंग्रजीतला मारण्याचा सगळ्यात नेहमीचा शब्द. आधी नुसता फटका, मग ठार मारणे, मग फक्त धर्मग्रंथांत आणि राक्षसांच्या गोष्टींत. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स मंडळींच्या 'बॉलरूम' स्पर्धांमध्ये त्याला कौतुकाचा अर्थ मिळाला आणि तिथून तो इंटरनेटवर आला. आपल्या कॉलेजांत एकांकिका रंगली की विंगेतून कुणीतरी ओरडतंच, 'तोडलंस भावा!'